फौजी सुरा रानात आणि दर्यावर रोजच्या कामाला चालतो का?

वाशिष्ठीकाठ

मंडळी, प्रश्न जरा तपशिलात मांडतोय, कारण उत्तरंही तपशिलातच हवी आहेत.

माझे मामा बरीच वर्षं बोटीवर होते. अमेरिकेतल्या एका बंदरात घेतलेला का-बारचा मार्क २ सुरा त्यांनी यंदा माझ्या हवाली केला. सात इंचांचं काळं पातं, धार एकाच बाजूला, टोकाजवळ पाठ खोलगट उतरलेली. कातड्याच्या चकत्या एकावर एक दाबून केलेली मूठ, तिच्यापुढे आडवी लोखंडी पट्टी आणि मागे गोल लोखंडी बूड. हातात घेतला की सोडवत नाही.

माझं फिरणं असं: थंडीत रसाळगड, सुमारगड, महिपतगड. उन्हाळ्यात गुहागर-वेळणेश्वरच्या खडकांवर गळ टाकून रात्र काढणं. मे महिन्यात घरच्या बागेत मुक्काम. कामंही साधीच असतात. चुलीला काटक्या, दोऱ्या कापणं, तंबूच्या खुंट्या तासणं, मासा साफ करणं, कांदा चिरणं, वाटेत आलेली करवंदीची जाळी छाटणं.

माझा एक मित्र यापुढे जाऊन दुधारी कमांडो खंजीर मागवतोय. त्याचं म्हणणं, जे लढाईत टिकतं ते रानात टिकणारच. मला ते पटत नाही, पण का पटत नाही ते त्याला नीट सांगता येत नाही. वापरणाऱ्यांनी आणि बनवणाऱ्यांनी लिहावं.

पलटणवाला

चांगला विषय काढलास. माझी नोकरी मराठा लाइट इन्फन्ट्रीत झाली, आता महाडजवळ गावी असतो.

तुझ्या मित्राला पहिल्यांदा हे सांग की लढाईत सुऱ्याला टिकावं लागतं ते फार थोडा वेळ. टिकाऊपणाची कसोटी लागते ती बाकीच्या दिवसांत, आणि त्या दिवसांत जवान सुऱ्याने डबे उघडतो, खोक्यांच्या पट्ट्या कापतो, दोर तोडतो, आडोशाला फांद्या छाटतो, मेखा तासतो. सैन्याच्या सुऱ्यांच्या इतिहासात हाच झगडा दिसतो: एक सुरा निव्वळ मारण्यासाठी, दुसरा मारता येईल असा पण कामाचा.

मित्र ज्या जातीचा खंजीर मागवतोय तिचा मूळपुरुष म्हणजे फेअरबर्न-साइक्स. विल्यम फेअरबर्न आणि एरिक साइक्स हे दोघे शांघाय म्युनिसिपल पोलिसात होते. गल्लीबोळातल्या झटापटींचा त्यांना दांडगा अनुभव होता. १९४० च्या नोव्हेंबरात त्यांनी विल्किन्सन स्वोर्ड कंपनीशी बसून आराखडा ठरवला आणि १९४१ च्या सुरुवातीला पहिले खंजीर ब्रिटिश कमांडोंच्या हाती पडले. अरुंद, निमुळतं, दोन्ही बाजूंना धार असलेलं पातं. हेतू एकच, जाड लष्करी कोटातून आणि बरगड्यांच्या फटीतून आत शिरणं. त्या कामात तो अव्वल आहे. पण त्याच युद्धात त्याने डबे उघडायला, खोकी उचकटायला गेलेल्यांच्या हातात मोडकी टोकं राहिली. दोष खंजिराचा नव्हता.

तुझ्या सुऱ्याची गोष्ट वेगळी आहे. अमेरिकेने पहिल्या महायुद्धात १९१८ चा खंदकी सुरा काढला होता, पितळेच्या मुठीत बोटं अडकवायचा. ठोसा आणि भोसकणं दोन्ही जमायचं, पण दुसरं काही धड होत नव्हतं. दुसऱ्या युद्धात मरीन सैनिकांनी तक्रार केली की आम्हाला कामाचा सुरा द्या. त्यातून १९४२ च्या अखेरीस मार्क २ स्वीकारला गेला. शिकाऱ्यांच्या सुऱ्यांवरून घेतलेला घाट, एक धार, जाड पाठ. का-बार हे तेव्हा युनियन कटलरी कंपनीच्या मालावरचं नाव होतं, आणि हा सुरा इतरही कारखान्यांनी बनवला. तो पॅसिफिक महासागरातल्या ज्या सॉलोमन बेटांवर वापरला गेला तिथे काय होतं? नारळाच्या बागा, न थांबणारा पाऊस, चिखल, खारा वारा. आपल्या किनाऱ्याशी बरंच जुळतं ते.

म्हणजे दोन्ही "फौजी", पण तुझा सुरा निम्मा कामकरी आहे आणि मित्राचा अजिबात नाही.

आणखी एक. आपल्या सैन्यातल्या पॅरा स्पेशल फोर्सेसच्या बलिदान चिन्हावर पंख असलेला खंजीर आहे. ते चिन्ह पाहिलं की आजही पाठ ताठ होते. तो मान त्या चिन्हाचा आहे, ते मिळवणाऱ्यांचा आहे. त्या मानापोटी कोणी खंजीर घेत असेल तर भिंतीवर लावावा, कांद्यावर चालवू नये.

भाता_आणि_ऐरण

पलटणवाले काकांशी सहमत. मी लोखंडाच्या बाजूने लिहितो. आमची संगमेश्वराकडे पिढीजात लोहारकी, मी धातुशास्त्रात डिप्लोमा केला आणि परत भात्यापाशीच आलो.

दुधारी पातं कामाला का वाईट, ते हिशोबाने बघा. समजा दोन पाती आहेत. दोघांची रुंदी २५ मिलिमीटर, जास्तीत जास्त जाडी ५ मिलिमीटर. एकधारी पात्यात जाडी पाठीपासून धारेपर्यंत सलग २५ मिलिमीटरांत उतरते. म्हणजे प्रत्येक बाजूचा उतार जेमतेम पावणेसहा अंश, दोन्ही मिळून साडेअकरा. दुधारी पात्यात जाडी मधल्या शिरेपाशी असते आणि तिथून दोन्हीकडे साडेबारा मिलिमीटरांतच संपवावी लागते. उतार दुप्पट, दोन्ही मिळून साडेबावीस अंशांच्या वर. लोखंड तेच, कारागीर तोच, तरी ते पातं पाचरीसारखं शिरतं. कांदा चिरण्याआधी फुटतो, लाकडात सुरा अडकतो. कितीही पाजवा, ही अडचण जात नाही, कारण ती धारेची नाही, आकाराची आहे.

बरं, उतार कमी करायला पातं पातळ केलं तर? मग ते आडव्या जोराला टिकत नाही. फेअरबर्न-साइक्सचं टोक मोडतं ते यामुळेच. भोसकताना जोर सरळ रेषेत येतो, पातं तो पेलतं. उचकटताना जोर आडवा येतो, आणि टोकाशी पेलायला मालच नसतो.

दुसरं म्हणजे पाठ. एकधारी सुऱ्याला पाठ असते म्हणून तिच्यावर अंगठा ठेवून बारीक तासकाम करता येतं, आणि वेळ आली तर लाकडाच्या ठोकळ्याने पाठीवर ठोकून छोटं लाकूड चिरता येतं. दुधारीत जिथे अंगठा ठेवायचा तिथेही धार. खुंटी तासताना हात घसरला तर दुसरी धार तुमच्याकडेच तोंड करून असते.

तिसरं, मुठीत जाणारं शेपूट. मार्क २ चं शेपूट बारीक असतं, कातड्याच्या चकत्यांतून जाऊन बुडाच्या गोळ्यात अडकवलेलं. अस्सल मालात ते नीट तापवून, पाणी देऊन कठीण केलेल्या त्याच पोलादाचं असतं, म्हणून सामान्य वापरात काही होत नाही. पण मनगटाएवढा ऐनाचा ओंडका चिरायला पाठीवर दणादण ठोकलंत तर ताण नेमका पातं आणि मूठ जिथे मिळतात तिथे येतो. तिथला काटकोन हा सगळ्या सुऱ्यांचा दुबळा सांधा. रुंद पट्टी मुठीच्या टोकापर्यंत सलग गेलेली असेल तर ही भीती कमी.

ऑनलाइन मिळणाऱ्या नकलांबद्दल कळकळीने सांगतो. आमच्याकडे दुरुस्तीला येतात त्यातल्या कितीतरी "कमांडो" सुऱ्यांचं शेपूट म्हणजे पात्याला डाग मारून जोडलेला साधा बोल्ट निघतो. काहींची मूठ पोकळ, आत होकायंत्र आणि काडेपेटी ठेवायला जागा. पाठीवर करवतीचे दात, जे लाकूड कापत नाहीत आणि ठोकायला पाठही ठेवत नाहीत. असा सुरा फांदीवर मारला आणि पातं मुठीतून निसटून उडालं, तर समोर कोण उभं आहे याचा भरवसा नाही. पैसे गेले ते परवडले.

सुरंगीचा_वळेसर

मालवणकडची आहे. घरात मासळी रोजची, आणि ओहोटीला कालवं काढायला खडकावर जाणं लहानपणापासूनचं.

आमच्याकडच्या बायका विचारतील, "बांगडो कापूक तलवार कित्याक व्हयी?" आणि त्यांचं बरोबर आहे. बांगड्याचं पोट उघडायला चार बोटांएवढं पातळ, लवचीक पातं लागतं. सात इंचांच्या, चार मिलिमीटर जाडीच्या सुऱ्याने पोट उघडत नाही, फाटतं. गाबोळी, म्हणजे माशाची अंडी, असेल तर तिचीही वाट. सुरमईच्या तुकड्या पाडायला घरी विळी आणि बाजारात जड कोयता, मधल्या कुठल्याच मापाचं तिथे काम नाही.

मुठीपुढची आडवी पट्टी हा माझा मुख्य आक्षेप. फळीवर काही चिरायला गेलं की ती पट्टी फळीवर टेकते आणि पात्याचा मुठीकडचा भाग फळीपर्यंत पोचतच नाही. कोथिंबीर, मिरची, आलं, सगळं टोकाकडच्या अर्ध्या पात्याने करावं लागतं. मात्र एका बाबतीत ती पट्टी मला पटते. माशाच्या चिकटाने हात बुळबुळीत झालेला असताना बोटं पुढे धारेवर सरकत नाहीत. मी पाहिलेल्या हाताच्या जखमा बहुतेक अशाच घसरून झालेल्या आहेत. त्यामुळे पट्टी कापून टाका असं मी म्हणणार नाही.

कालवं काढायला तर कुठलाच सुरा नेऊ नका. कालव खडकाला सिमेंट केल्यासारखं घट्ट असतं, त्याला आखूड, जाड, बोथट टोकाचं लोखंड आणि वरून घाव लागतो. सुऱ्याचं टोक त्या फटीत घालून पीळ दिलात तर टोक जाईल किंवा तळहात जाईल.

आणि मीठ. मार्क २ कार्बन पोलादाचा. वाशिष्ठीकाठ, तुम्ही रात्रभर खडकावर बसणार, लाटांचे शिंतोडे उडणार, सकाळी धारेवर तांबूस रेघ आलेलीच असेल. काळा थर पात्याच्या अंगाला राखतो, पण धार घासून उघडी केलेली असते, म्हणून गंज तिथूनच सुरू होतो. पोलादाला स्टेनलेस म्हणायला कमीत कमी साडेदहा टक्के क्रोमियम लागतं, चाकूच्या स्टेनलेसमध्ये ते साधारण तेरा-चौदाच्या आसपास असतं. तुमच्या सुऱ्यात ते नावापुरतं आहे. दर्यावर मी स्टेनलेसच नेते. स्वीडनचा मोरा कंपनीचा साधा चाकू आहे माझ्याकडे, पातं दहा सेंटीमीटरचं, जाडी अडीच मिलिमीटर, मूठ रबरी. दिसायला काही नाही. मासा, दोरी, कांदा, सगळं त्यावर होतं.

दर्यासारंग

मी जरा वेगळं मत मांडतो. माझ्या होडीवर दुधारी सुरा कायम असतो आणि मला त्याचा उपयोग झाला आहे. इंजिनाच्या पंख्यात नायलॉनची दोरी अडकली की पाण्यात हात घालून, न बघता कापावं लागतं. त्या वेळी धार वर आहे की खाली हे चाचपायला वेळ नसतो. दोन्हीकडे धार असेल तर कुठूनही ओढलं तरी दोरी तुटते. माझ्या सुऱ्याला एका बाजूला दातेरी धार आहे, ती नायलॉनवर साध्या धारेपेक्षा कितीतरी चांगली चालते.

शिवाय संकटाच्या वेळी हातात एकच हत्यार असतं. प्रत्येक कामाला वेगळं हत्यार हे घरी बसून ठीक आहे. हात तयार असेल तर माणूस कुठल्याही सुऱ्याने कुठलंही काम करतो.

पलटणवाला

सारंग, दातेरी धारेचं तुमचं म्हणणं सोळा आणे खरं. पण हलत्या होडीवर अणकुचीदार टोक हाच मोठा धोका नाही का? जुन्या खलाशांच्या चाकूचं टोक मुद्दाम बोथट, मेंढीच्या खुरासारखं वळवलेलं असायचं. लाटेने तोल गेला तर चाकू आपल्यात किंवा सोबत्यात घुसू नये, शिडाला भोक पडू नये. पाणबुड्यांच्या चाकूतही टोकाशी सपाट छिन्नीसारखं पातं मिळतं. म्हणजे तुमच्या कामाला हवं ते दातेरी धारेचं, बोथट टोकाचं, स्टेनलेस पातं. खंजिरातली एक चांगली गोष्ट तुम्हाला उपयोगी पडली, पण तिच्यासोबत नको असलेल्याही काही तुम्ही बाळगताय.

हात तयार असला की सगळं जमतं, हेही अर्धंच. ज्याचा हात तयार असतो तोच हत्यार निवडून घेतो. आपल्याकडे कट्यार आणि बिचवा घडवणारे कारागीर जगात तोडीचे होते. कट्यारीचं टोक ते मुद्दाम जाड ठेवत, चिलखताच्या कड्या फुटाव्यात म्हणून. त्या कट्यारीने कोणी भाताचं पान कापलेलं नाही, त्याला विळा होता.

दर्यासारंग

टोकाचा मुद्दा मान्य, काका. आमच्याकडची पोरं होडीत असतात, त्या दृष्टीने तर नक्कीच. बोथट टोकाचा शोधतो. दुधारीबद्दल मात्र माझं मत तेच आहे, पाण्याखाली तरी.

वाशिष्ठीकाठ

फारच उपयोगी माहिती, सगळ्यांचे आभार. तीन गोष्टी विचारायच्या राहिल्या. लाकूडतोडीला मार्क २ किती ताणावा? घरच्या बागेत काही दिवस वापरून पाहिला: कापा फणस चिरायला लांब पातं सुरेख चालतं, आधी खोबरेल लावलं तर चीकही धरत नाही. पण शहाळं तासताना दमलो. दुसरं, असा सुरा घेऊन फिरताना कायदा काय म्हणतो? आणि तिसरं, घरचे म्हणतात रानात जनावर आलं तर असू दे जवळ.

भाता_आणि_ऐरण

पहिल्याचं उत्तर माझ्याकडे. शहाळं म्हणजे वजनाचं काम. तुमचा सुरा तीनशे ग्रॅमच्या आसपास, आणि त्याचं वजन मुठीकडे. कोयत्याचं वजन पुढे, म्हणून तो स्वतःच्या भाराने शिरतो. तुम्ही दमलात कारण वजनाचं काम दंडाने केलंत.

आणि पोलादातही फरक आहे. मार्क २ चं पोलाद १०९५ जातीचं, कार्बन टक्क्याच्या जवळपास, कठीणपणा रॉकवेल मापाने ५६ ते ५८. धार दीर्घकाळ टिकते. आम्ही कोयता बनवतो तो ट्रकच्या कमानपट्ट्याचा, त्यात कार्बन अर्धा-पाऊण टक्का, आणि पाणीही जरा सौम्य देतो. कारण कोयता आज ना उद्या जांभ्या दगडावर आपटणारच. मऊ असला तर धार वळते, कानशीने दोन मिनिटांत परत येते. कठीण असला तर तुकडा उडतो आणि तो खड्डा काढायला अर्धं पातं घासावं लागतं.

त्यामुळे माझं सांगणं असं. करवंदीची जाळी, घाणेरी, चिव्याच्या (बारीक बांबूच्या) काठ्या, चुलीचा जाड फाटा, हे सगळं कोयत्याने. कवळ, म्हणजे झाडाच्या पानांच्या डहाळ्या, तोडणारा गडी पाठीमागे आकडीत कोयता अडकवून झाडावर चढतो, दिवसभर टाळ तोडतो आणि संध्याकाळी त्याच कोयत्याने नारळ फोडतो. या किनाऱ्यावर रानातलं हत्यार शोधायला अमेरिकेला जावं लागत नाही. मार्क २ ला अंगठ्याएवढ्या फांद्या, खुंट्या, दोऱ्या, फणस, कलिंगड, मटणाचे मोठे तुकडे. पाठीवर ठोकायचंच असेल तर गाठ नसलेलं, मनगटापेक्षा बारीक, वाळलेलं लाकूड, आणि ठोकायला लाकूडच, दगड कधीही नाही.

घाटवाट

कायद्याचं मी लिहितो, डोंगरात माणसं नेतो म्हणून हे वाचावं लागलं.

शस्त्र कायदा १९५९ चा, सध्याचे नियम २०१६ चे. त्यातल्या धारदार शस्त्रांच्या वर्गात तलवारी, खंजीर, संगिनी, भाले यांच्यासोबत सुरे येतात, आणि माप दिलं आहे ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पातं. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळली आहेत, म्हणून कोयत्याचं माप कोणी काढत बसत नाही. सात इंचांचा सुरा या मापाच्या आत बसतो.

पण एवढ्यावर निश्चिंत होऊ नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त ठरावीक मुदतीसाठी शस्त्रं, सुरे, अगदी काठ्यासुद्धा सोबत बाळगायला मनाई करू शकतात. सणासुदीला, निवडणुकीला असे आदेश नेहमी निघतात. निघण्यापूर्वी जिल्ह्याची बातमी बघून घ्या. सुरा पट्ट्याला लटकवून एसटीत चढू नका, सॅकमध्ये तळाशी गुंडाळून ठेवा.

अभयारण्याचा नियम तर अनेकांना माहीतच नसतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, कलम ३१: मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन शिरता येत नाही. आणि त्या कायद्यात शस्त्राच्या व्याख्येत चाकू, गळ, जाळी हे शब्द स्पष्ट आहेत. चोरवण्याकडून नागेश्वर-वासोटा करणारे आपण सगळे कोयना अभयारण्यात शिरतो, ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. मुरुडकडे फणसाड, पनवेलजवळ कर्नाळा, तिथेही तेच. तिथे छोटासा स्वयंपाकाचा चाकूसुद्धा आधी वनखात्याला विचारूनच न्या.

कायद्यापलीकडची एक गोष्ट. वाडीत शिरताना गड्याच्या पाठीला कोयता असला तर कोणी मान वर करून बघत नाही. तोच शहरी पोरगा कमरेला काळा खंजीर लावून आला की म्हातारी माणसं दार लावून घेतात, पाणी मागायलाही लाज वाटावी असं वातावरण होतं. आपण त्यांच्या अंगणात झोपणार असतो. मला हे कायद्याइतकंच महत्त्वाचं वाटतं.

पलटणवाला

जनावराचं मी सांगतो. सुऱ्याने रानडुकराला किंवा गव्याला तोंड द्यायची कल्पना मनातून काढून टाक. सुरा लागू पडेल इतकं जनावर जवळ आलं म्हणजे ते आधीच तुझ्या अंगावर आहे. चांगली विजेरी, हातात काठी, बोलत चालणं आणि पिलांसोबतच्या मादीपासून लांब राहणं, याने जितकं रक्षण होतं तितकं कुठल्याही पात्याने होत नाही. बिबट्या दिसला तर पळू नये, खाली वाकू नये, तोंड त्याच्याकडे ठेवून मागे सरकावं.

आणि साप. हे मोठ्या अक्षरात लिहिण्यासारखं आहे. फुरसं हा आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या कातळावरचा साप. अजूनही माणसं चावल्या जागी सुऱ्याने चीर देतात, रक्त पिळून काढतात. फुरशाच्या आणि घोणसाच्या विषाने रक्त गोठण्याची क्रियाच बिघडते. अशा अंगावर चीर दिली तर रक्त थांबत नाही, आणि विष तर बाहेर येतच नाही. कापू नये, चोखू नये, करकचून आवळू नये. अवयव हलू न देता सरळ सरकारी रुग्णालय गाठावं. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही विषांवर चालतं. सर्पदंशात सुऱ्याचा उपयोग झालाच तर झोळीसाठी काठ्या तासायला.

सुरंगीचा_वळेसर

काकांच्या या प्रतिसादाला शंभर वेळा अनुमोदन. हा भाग कोणीतरी वेगळा धागा करून वर ठेवा.

वाशिष्ठीकाठ, सुऱ्याच्या निगेबद्दल कोणी लिहिलं नाही अजून. मामांची वस्तू आहे म्हणून विचारते, पावसाळ्यात ठेवणार कुठे?

वाशिष्ठीकाठ

सध्या कातड्याच्या म्यानातच, कपाटात. मधूनमधून खोबरेल लावतो.

भाता_आणि_ऐरण

म्यानातून आजच बाहेर काढा. आपल्याकडे पावसात अडीच-तीन हजार मिलिमीटरच्या वर पाणी पडतं, कातडं हवेतली ओल शोषून पात्याला चिकटवून ठेवतं. कातडं कमावताना वापरलेले क्षार त्यात भर घालतात. म्यान वेगळं टांगा, सुरा वेगळा. अमेरिकन नौदलानेही याच सुऱ्याला पुढे कातड्याऐवजी कृत्रिम मालाचं म्यान दिलं होतं.

खोबरेल चालतं, पण काही आठवड्यांत खवट होतं, चिकट थर धरतं. शिलाई मशीनचं तेल किंवा खाण्यायोग्य खनिज तेल जास्त चांगलं. स्वयंपाकात वापरणार असाल तर दुसरं. कैरी, कोकम कापल्यावर लगेच धुवा, नाहीतर आंबटाने काळे डाग पडतात. ते डाग मात्र गंज नव्हेत, त्यांची काळजी नको. खाऱ्या पाण्यातून आला की आधी गोड्या पाण्याने धुवायचा, मग कोरडा पुसायचा, मग तेल. हा क्रम चुकवू नका. मीठ तसंच ठेवून वरून तेल लावलं तर ते मीठ तेलाखाली काम करत राहतं.

मुठीच्या कातड्याला तेल अजिबात पाजू नका. चकत्या मऊ पडतात, मूठ हलायला लागते. मधमाशीचं मेण किंचित कोमट करून फडक्याने घासा, जादा पुसून टाका. पावसाआधी एकदा, दिवाळीनंतर एकदा, पुरे. बुरशी दिसली तर ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवा, उन्हात ठेवलीत तर चकत्या आकसतील आणि फटी पडतील.

धारेला दोन्ही बाजूंनी वीस-वीस अंश. आधी ४०० चा दगड, मग १०००, शेवटी कातड्याच्या पट्ट्यावर. वीज लागलेल्या चाकावर देऊ नका. धार निळी पडली की त्या जागेचं पाणी, म्हणजे कठीणपणा, उतरलं, मग ती जागा घासून काढल्याशिवाय किंवा पुन्हा पाणी दिल्याशिवाय धार धरणार नाही.

वाशिष्ठीकाठ

म्यान काढलं. आतून ओलसरच होतं, मुठीजवळ पात्यावर दोन ठिकाणी तांबूस ठिपकेही निघाले. मित्रानेही धागा पूर्ण वाचला, खंजिराची मागणी त्याने रद्द केली आहे. आता त्याला कोयता हवाय. भाता_आणि_ऐरण दादा, तुमच्याकडे मिळेल का? डावखुरा आहे तो.

भाता_आणि_ऐरण

मिळेल. डावखुऱ्याला धार उलट बाजूने काढावी लागते, म्हणून तयार देता येणार नाही, घडवावा लागेल. त्याला स्वतःला यायला सांगा, हाताचं माप घेऊन मूठ बसवतो. आणि तुमचा सुराही सोबत पाठवा. ते ठिपके खोल गेलेत का ते पाहू. वरवरचे असतील तर बारीक पोलादी लोकर आणि तेल लावून निघतील, काळा थर फार न उतरवता.